बालपणातील स्थूलता आणि श्वसनविकार

बालपणातील स्थूलता आणि श्वसनविकार यांचा परस्परसंबंध हा बालरोगशास्त्र, फुप्फुसविज्ञान आणि निद्राविज्ञान या तिन्ही शाखांमधील अभ्यासाचा विषय आहे. शरीरात प्रमाणाबाहेर साठलेल्या मेदामुळे मुलांच्या फुप्फुसांची कार्यपद्धती बदलते, दमा होण्याची शक्यता वाढते आणि झालेला दमा आटोक्यात आणणे अवघड होते. झोपेत श्वासमार्ग वारंवार बंद पडण्याचा विकारही अशा मुलांत अधिक आढळतो. क्वचित प्रसंगी जागेपणीसुद्धा श्वसन अपुरे पडते. हा संबंध एकमार्गी नाही. श्वसनाचा त्रास असलेली मुले खेळापासून दूर राहतात, त्यांची झोप बिघडते, काहींना वजन वाढविणारी औषधे घ्यावी लागतात आणि त्यातून स्थूलता वाढते.

या विषयातील सर्वांत मोठी व्यावहारिक अडचण निदानाची आहे. स्थूल मुलाला लागणारी धाप दम्याची असू शकते, केवळ वजनाची आणि सवय नसलेल्या श्रमाची असू शकते किंवा रात्रीच्या बिघडलेल्या झोपेचा तो दिवसा दिसणारा परिणाम असू शकतो. या शक्यतांचे उपचार एकमेकांपासून पूर्णपणे भिन्न आहेत.

संज्ञा आणि मोजमाप

आरोग्यास बाधक ठरेल इतका मेद शरीरात साठणे म्हणजे स्थूलता होय. मेद थेट मोजणे कठीण असल्यामुळे व्यवहारात शरीर वस्तुमान निर्देशांक, अर्थात बीएमआय, वापरला जातो. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता तो मिळतो. प्रौढांसाठी ठरावीक आकडा सीमारेषा म्हणून पुरतो. वाढत्या मुलांत मात्र हा निर्देशांक वय आणि लिंग यांनुसार बदलत असल्याने तो वाढतक्त्यावर मांडूनच वाचावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ५ ते १९ वर्षे वयोगटात वयानुरूप मध्यकापेक्षा १ प्रमाण विचलनाहून अधिक निर्देशांक असल्यास अतिवजन आणि २ प्रमाण विचलनांहून अधिक असल्यास स्थूलता मानली जाते. ५ वर्षांखालील बालकांसाठी उंचीच्या मानाने वजन पाहतात आणि तेथे हे आकडे अनुक्रमे २ आणि ३ आहेत.

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ साली ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी स्वतंत्र वाढतक्ते प्रसिद्ध केले. या कामात पुण्यातील वामन खाडिलकर आणि अनुराधा खाडिलकर यांचा प्रमुख सहभाग होता. या तक्त्यांत प्रौढांच्या २३ आणि २७ या निर्देशांकांशी जुळणाऱ्या दोन रेषा आखलेल्या आहेत. पहिली रेषा ओलांडल्यास अतिवजन आणि दुसरी ओलांडल्यास स्थूलता समजतात. या सीमा पाश्चात्त्य देशांतील नेहमीच्या २५ आणि ३० या आकड्यांपेक्षा खाली ठेवण्यामागे कारण आहे. समान निर्देशांक असताना भारतीय व्यक्तीच्या शरीरात मेदाचे प्रमाण सामान्यतः अधिक असते.

हे वैशिष्ट्य जन्मापासूनच दिसते, असे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ साली सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम भरले, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलोग्रॅम. पुण्याची बालके सर्व मापांनी लहान होती, परंतु त्यांच्या त्वचेखालील मेद त्या मानाने फारसा घटलेला नव्हता. २००४ साली याज्ञिक आणि ब्रिटिश वैद्यक जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, पण शरीरातील मेद युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाला. श्वसनाच्या संदर्भात ही बाब महत्त्वाची ठरते, कारण श्वासावर भार टाकतो तो पोटात आणि छातीवर साठलेला मेद. एकूण वजनाचा आकडा त्याविषयी पुरेसे सांगत नाही. त्यामुळे कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक आहे काय, हे पाहण्याची साधी पद्धतही वापरली जाते.

मराठी कुटुंबांत ‘गुटगुटीत’ हा शब्द आजही कौतुकाने उच्चारला जातो आणि सुदृढ बालक स्पर्धांमध्ये बाळसे हेच निरोगीपणाचे लक्षण मानले गेले. कुपोषण आणि साथीचे रोग यांनी बालमृत्यू होत असलेल्या काळात ही समजूत निराधार नव्हती. शाळकरी वयातील वाढत्या पोटालाही तीच फूटपट्टी लावली जाते, तेव्हा मात्र घोरणे आणि धाप यांकडे दुर्लक्ष होते.

इतिहास

चार्ल्स डिकन्स यांच्या १८३६-३७ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘द पिकविक पेपर्स’ या कादंबरीत ज्यो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो सतत खातो, उभ्याउभ्या झोपी जातो आणि मोठ्याने घोरतो. १९५६ साली अमेरिकेतील सी. सिडनी बर्वेल आणि सहकाऱ्यांनी अतिस्थूलता, दिवसा येणारी अनावर झोप आणि अपुरे श्वसन असलेल्या एका रुग्णाचे वर्णन केले आणि या लक्षणसमूहाला ‘पिकविकियन’ असे नाव दिले. तो रुग्ण प्रौढ होता. पत्त्यांच्या डावात तीन एक्के आणि दोन राजे अशी पाने हाती आली असताना तो झोपी गेला आणि डाव हुकला, तेव्हा तो रुग्णालयात आला, अशी नोंद त्या लेखात आहे. वैद्यकाने कादंबरीतील मुलाचे नाव घेतले, पण खऱ्या मुलांकडे लक्ष जाण्यास आणखी दोन दशके लागली.

तशी मुलांमधील या त्रासाची खूण त्यापूर्वीच पटलेली होती. विल्यम ऑस्लर यांच्या १८९२ च्या वैद्यक पाठ्यपुस्तकात टॉन्सिल वाढलेल्या, तोंड उघडे ठेवून घोरणाऱ्या आणि मंद भासणाऱ्या मुलांचे वर्णन आढळते. १९६५ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतील संशोधकांनी झोपेत श्वास वारंवार थांबतो हे स्वतंत्रपणे नोंदविले. मुलांच्या संदर्भातील पहिले पद्धतशीर वर्णन स्टॅनफर्ड येथील क्रिस्तियां गिलमिनो यांनी १९७६ साली आठ मुलांच्या अभ्यासातून केले. ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये नाकावाटे सतत दाबाने हवा देण्याची पद्धत मांडली. शस्त्रक्रियेखेरीजचा पहिला प्रभावी उपचार त्यातून उपलब्ध झाला.

फुप्फुसांच्या कार्यावर होणारे परिणाम

श्वास घेताना श्वासपटल खाली सरकते आणि बरगड्या बाहेरच्या बाजूस उचलल्या जातात. पोटातील मेद श्वासपटलाला खालून वर ढकलतो आणि छातीवरील मेद बरगड्यांवर ओझ्यासारखा राहतो. त्यामुळे प्रत्येक श्वासासाठी स्नायूंना अधिक श्रम करावे लागतात. नेहमीचा श्वास सोडल्यानंतर फुप्फुसांत जी हवा शिल्लक राहते तिचे आकारमान घटते. स्थूलतेत सर्वांत सातत्याने आढळणारा बदल हाच आहे. आडवे झाल्यावर तो आणखी वाढतो, म्हणून काही मुले दोन उशा घेऊन किंवा कुशीवरच झोपणे पसंत करतात.

शिल्लक हवा कमी असण्याचे परिणाम दुहेरी आहेत. एक तर ही हवा प्राणवायूचा साठा म्हणून उपयोगी पडते. तो कमी असल्याने श्वास थोडा वेळ थांबला तरी रक्तातील प्राणवायूची पातळी लवकर घसरते. दुसरे म्हणजे फुप्फुसे कमी फुगलेल्या स्थितीत राहिल्याने खालच्या भागातील बारीक श्वासनलिका अरुंद होतात आणि काही मिटतातही. निरोगी माणसात खोल श्वास घेतल्यावर श्वासनलिकांचे स्नायू ताणले जाऊन सैल पडतात. उथळ श्वसनात हा ताण मिळत नाही आणि श्वासनलिका आकुंचन पावण्याची प्रवृत्ती वाढते.

मुले आणि प्रौढ यांच्यात येथे एक लक्षणीय भेद आहे. स्थूल प्रौढांत जोराने बाहेर टाकलेली एकूण हवा आणि पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेली हवा ही दोन्ही मापे सहसा सारख्याच प्रमाणात घटतात, त्यामुळे त्यांचे गुणोत्तर टिकून राहते. स्थूल मुलांत मात्र दोन्ही मापे सामान्य किंवा सामान्याहून अधिकही असू शकतात आणि तरीही गुणोत्तर घटलेले असते. याचा अर्थ असा, की फुप्फुसे मोठी झाली परंतु श्वासनलिकांची रुंदी त्या मानाने वाढली नाही. फुप्फुस आणि श्वासमार्ग यांच्या अशा विषम वाढीला ‘डिसअ‍ॅनॅप्सिस’ म्हणतात. या स्थितीचा अभ्यास अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ जेरी मीड यांनी निरोगी फुप्फुसांच्या संदर्भात केला होता. एरिक फोर्नो आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ती अतिवजन आणि स्थूल मुलांत अधिक आढळत असल्याचे दाखविले. दमा असलेल्या स्थूल मुलांत तिचा संबंध दम्याच्या अधिक तीव्र झटक्यांशी आढळला. अशा मुलाला दम्याची औषधे देऊन गुणोत्तर पूर्ववत होण्याची अपेक्षा बाळगणे चूक ठरते, कारण येथे नलिका सुजलेली किंवा आवळलेली नसून मुळातच तुलनेने अरुंद असते.

दमा

स्थूलता आणि दमा यांच्या संबंधाचा अभ्यास या विषयातील अन्य कोणत्याही भागापेक्षा अधिक झाला आहे. अमेरिकेतील सहा बालरुग्णालयांच्या नोंदींवर आधारलेला आणि ५ लाखांहून अधिक मुलांचा समावेश असलेला एक अभ्यास २०१८ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार सामान्य वजनाच्या मुलांच्या तुलनेत स्थूल मुलांत नव्याने दमा होण्याचा धोका सुमारे २६ टक्क्यांनी अधिक होता. अतिवजन असलेल्या मुलांत ही वाढ १७ टक्के होती. स्थूल मुलांतील नव्या दम्यापैकी साधारण एक चतुर्थांश दमा स्थूलतेमुळे झालेला असावा, असा संशोधकांचा अंदाज होता. धोक्यातील वाढ एका मुलापुरती पाहिली तर माफक आहे. स्थूल मुलांची संख्या लक्षात घेतली की तिचे गांभीर्य कळते.

कार्यकारणाची दिशा ठरविणे नोंदींच्या अभ्यासातून शक्य होत नाही. दमा असलेले मूल कमी खेळते म्हणून लठ्ठ झाले, की लठ्ठ झाले म्हणून त्याला दमा झाला, हा प्रश्न शिल्लक राहतो. त्यावर जनुकांच्या साहाय्याने उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरातील मुलांच्या दीर्घकालीन अभ्यासात झाला. वजन वाढण्यास अनुकूल जनुके माणसाला गर्भधारणेच्या वेळीच मिळतात. नंतर होणाऱ्या दम्याने ती बदलत नाहीत. अशी जनुके अधिक असलेल्या मुलांत साडेसात वर्षांच्या वयात दमाही अधिक आढळला आणि हा संबंध अ‍ॅलर्जी नसलेल्या दम्यात अधिक ठळक होता. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षामुळे स्थूलता दम्याला कारणीभूत ठरते या मताला बळ मिळाले.

उलट दिशेचा पुरावाही तितकाच दखलपात्र आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातील सुरुवातीला स्थूल नसलेल्या २,१७१ मुलांचा सुमारे दहा वर्षे मागोवा घेतला असता, आरंभी दमा असलेल्या मुलांत पुढे स्थूल होण्याचा धोका ५१ टक्क्यांनी अधिक आढळला. त्या मुलांपैकी झटक्याच्या वेळी श्वासनलिका मोकळी करणारे औषध वापरणाऱ्यांत हा धोका कमी होता. ‘पंपाची सवय लागते’ या भीतीने मुलाला इनहेलरपासून दूर ठेवणाऱ्या पालकांच्या दृष्टीने हा निष्कर्ष विशेष महत्त्वाचा आहे.

स्थूलतेशी निगडित दम्याचे स्वरूप काही बाबतींत वेगळे असते. बालपणीचा नेहमीचा दमा, ज्याला बोलीभाषेत बाळदमा म्हटले जाते, बहुधा अ‍ॅलर्जीशी जोडलेला असतो. त्यात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात आणि श्वासावाटे घेतलेल्या स्टिरॉइडने त्या आटोक्यात येतात. स्थूल मुलांपैकी अनेकांत अ‍ॅलर्जीचा दमा असतोच, परंतु काहींत दाहाचा प्रकार निराळा असतो. मेदऊती ही निव्वळ साठवणुकीची जागा नसून संप्रेरके आणि दाहकारक द्रव्ये स्रवणारा एक क्रियाशील अवयव आहे. जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने १९९४ मध्ये शोधलेले लेप्टिन हे संप्रेरक स्थूलतेत वाढते, तर दाह शमविणारे अ‍ॅडिपोनेक्टिन घटते. इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावलेल्या किशोरवयीन मुलांत फुप्फुसांची कार्यक्षमताही कमी आढळते. यांपैकी कोणता दुवा निर्णायक आहे, याविषयी संशोधकांत एकमत नाही.

औषधांच्या परिणामकारकतेवरही याचा प्रभाव पडतो. अमेरिका आणि कॅनडातील बालदमा उपचार चाचणीच्या माहितीचे २०११ मध्ये पुन्हा विश्लेषण झाले. त्यात अतिवजन आणि स्थूल मुलांना ब्युडेसोनाइड या श्वासावाटे घेण्याच्या स्टिरॉइडचा लाभ इतर मुलांपेक्षा कमी झाल्याचे आढळले. लाभ कमी म्हणजे निरुपयोगी नव्हे. अशा मुलांतही हेच औषध उपचाराचा पाया राहते, मात्र मात्रा वाढवीत जाण्यापूर्वी निदान, औषध घेण्याची पद्धत आणि झोप तपासणे आवश्यक ठरते. स्थूलतेत ड जीवनसत्त्वाची कमतरता वारंवार आढळते म्हणून ते पुरविल्यास झटके कमी होतील, अशी अपेक्षा होती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १९२ मुलांच्या चाचणीत मात्र तसा फायदा दिसून आला नाही.

दमा आणि श्रमजन्य धाप यांतील फरक

जिना चढताना किंवा मैदानाला फेरी मारताना स्थूल मुलाला लागणारी धाप अनेकदा दम्याची नसते. जड शरीर हलविण्यासाठी स्नायूंना अधिक प्राणवायू लागतो, श्वासाची गती वाढते आणि सवय नसल्याने मुलाला ते घाबरवून टाकते. ही धाप श्रम थांबविल्यावर काही मिनिटांत ओसरते. श्रमाने उद्भवणारा दमा बहुधा श्रम थांबल्यानंतर वाढत जातो आणि त्यासोबत खोकला किंवा छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. रात्री किंवा पहाटे खोकल्याने जाग येणे, ऋतू बदलताना किंवा धुळीत त्रास वाढणे आणि कुटुंबात अ‍ॅलर्जीचा इतिहास असणे ही दम्याकडे झुकणारी लक्षणे आहेत.

लक्षणांवरून संशय येतो, खात्री होत नाही. साधारणपणे ५-६ वर्षांपुढील मूल स्पायरोमेट्री करू शकते. श्वासनलिका मोकळी करणारे औषध देऊन ही चाचणी पुन्हा केली असता मापांत लक्षणीय सुधारणा झाली, तर दम्याच्या निदानाला आधार मिळतो. चाचणी न करता केवळ धापेवरून दम्याचे निदान केल्यास मुलाला वर्षानुवर्षे अनावश्यक औषध मिळते. उलटपक्षी, ‘वजन कमी कर म्हणजे बरे वाटेल’ असे सांगून खरा दमा दुर्लक्षिला गेल्यास त्याचा झटका जिवावरही बेतू शकतो. जठरातील आम्ल अन्ननलिकेत वर येण्याचा त्रासही स्थूलतेत अधिक असतो आणि त्यामुळे होणारा रात्रीचा खोकला दम्यासारखाच भासतो.

झोपेतील श्वासरोध

झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग अंशतः किंवा पूर्णपणे बंद होणे आणि त्यामुळे श्वास थांबणे याला झोपेतील श्वासरोध किंवा स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. सर्वसाधारण मुलांत त्याचे प्रमाण सुमारे १ ते ५ टक्के मानले जाते. स्थूल मुलांत ते कितीतरी अधिक असते. लहान मुलांत वाढलेले टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड हे त्याचे मुख्य कारण होय. स्थूल मुलांत त्याच्या जोडीला घशाभोवती आणि जिभेत साठलेला मेद श्वासमार्ग अरुंद करतो आणि आधीच कमी असलेला प्राणवायूचा साठा परिस्थिती अधिक बिकट करतो.

घोरणे हे सर्वांत ठळक लक्षण आहे. घोरणारे मूल गाढ झोपले आहे असे घरात समजले जाते, वस्तुतः त्याची झोप रात्रभर तुकड्या-तुकड्यांत मोडत असते. घोरणे मध्येच थांबून काही क्षणांनी हुंदक्यासारखा श्वास घेणे, तोंड उघडे ठेवून आणि मान मागे टाकून झोपणे, खूप घाम येणे, वाढत्या वयात पुन्हा अंथरूण ओले होऊ लागणे आणि सकाळी डोके दुखणे ही इतर लक्षणे होत. प्रौढ रुग्ण दिवसा पेंगतो. मूल मात्र अनेकदा चिडचिडे, चंचल आणि अभ्यासात लक्ष न लागणारे बनते. त्यामुळे शिक्षकांकडून खोडकर किंवा आळशी असा शिक्का बसलेल्या मुलाचे मूळ दुखणे घशात असू शकते. उपचार न झाल्यास रक्तदाब वाढणे, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येणे आणि इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद बिघडणे हे परिणाम संभवतात. झोप अपुरी झाल्याने भूक वाढते आणि दिवसाची हालचाल मंदावते. अशा प्रकारे श्वासरोध वजन वाढवितो आणि वजन श्वासरोध वाढविते.

निश्चित निदान पॉलिसोम्नोग्राफी या रात्रभराच्या तपासणीने होते. तीत मेंदूच्या लहरी, श्वासाचा प्रवाह, छाती-पोटाची हालचाल आणि रक्तातील प्राणवायू एकाच वेळी नोंदविले जातात. प्रौढांत तासाला ५ पर्यंत श्वासरोध सामान्य समजले जातात, तर मुलांत तासाला १ ही मर्यादा धरतात.

टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड काढून टाकणे हा मुलांमधील पहिला उपचार होय. अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. लवकर शस्त्रक्रिया केलेल्या मुलांपैकी ७९ टक्क्यांची तपासणी सात महिन्यांनी सामान्य झाली, तर निव्वळ देखरेखीखाली ठेवलेल्यांपैकी ४६ टक्क्यांची. शस्त्रक्रियेनंतर वर्तन आणि जीवनमान सुधारले, परंतु अवधानाच्या मुख्य चाचणीत दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. स्थूल मुलांत दोन्ही गटांतील यशाचे प्रमाण कमी होते. म्हणून अशा मुलाची शस्त्रक्रियेनंतर पुन्हा तपासणी होणे अगत्याचे असते. याच चाचणीतील मुलांच्या पुढील विश्लेषणात आणखी एक बाब स्पष्ट झाली. शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचे वजन अधिक वेगाने वाढले आणि आधीच अतिवजन असलेली मुलेही त्याला अपवाद नव्हती. शस्त्रक्रियेने घोरणे थांबले म्हणून आहाराकडे दुर्लक्ष झाल्यास त्रास परत येऊ शकतो, तो यामुळेच.

अल्पश्वसन आणि दुर्मीळ कारणे

अतिस्थूलतेत काही रुग्णांचे श्वसन जागेपणीही अपुरे पडते आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइडचा दाब ४५ मिलिमीटर पाऱ्याहून अधिक होतो. अन्य कारणे नसल्यास या स्थितीला स्थूलताजन्य अल्पश्वसन म्हणतात. मुलांत ती विरळा आहे.

पूर्वी निरोगी असलेल्या मुलाचे वजन दीड वर्षाच्या वयानंतर काही महिन्यांतच झपाट्याने वाढू लागले, तर ‘रोहॅड’ या अतिशय दुर्मीळ विकाराचा विचार करावा लागतो. त्यात मेंदूतील हायपोथॅलॅमसचे कार्य बिघडते आणि पुढे झोपेत श्वास घेण्याची प्रेरणाच क्षीण होते. निदानास उशीर झाल्यास तो प्राणघातक ठरू शकतो. १५ व्या गुणसूत्राशी संबंधित प्राडर-विली लक्षणसमूहातही अनावर भूक आणि श्वसनाच्या तक्रारी एकत्र आढळतात. या मुलांना वाढीचे संप्रेरक सुरू करण्यापूर्वी झोपेची तपासणी करण्याची शिफारस केली जाते, कारण अतिस्थूलता आणि श्वासमार्गात अडथळा असलेल्या काही मुलांचा उपचारकाळात मृत्यू झाल्याची नोंद आहे.

भूल देताना स्थूल मुलांत श्वासमार्गाच्या अडचणी अधिक उद्भवतात आणि प्राणवायूची पातळी वेगाने घसरते. कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी, अगदी दात काढण्यासाठी भूल द्यायची असली तरी, मूल घोरते काय हे पालकांनी आपणहून सांगणे हिताचे असते. २००९ मधील स्वाइन फ्लू आणि नंतरचा कोविड-१९ या दोन्ही साथींत स्थूलता हा आजार तीव्र होण्यास कारणीभूत ठरणारा घटक असल्याचे दिसून आले.

उपचार

उपचारांत श्वसनविकार आणि वजन या दोहोंकडे एकाच वेळी लक्ष द्यावे लागते. वजन घटेपर्यंत दम्याचे औषध थांबवून ठेवणे किंवा औषध चालू आहे म्हणून वजनाकडे न पाहणे, या दोन्ही चुका होत. ऑस्ट्रेलियात दमा असलेल्या स्थूल मुलांवर झालेल्या १० आठवड्यांच्या एका लहान चाचणीत आहारनियंत्रणाने वजन घटले, शिल्लक हवेचे घटलेले आकारमान सुधारले आणि दमाही अधिक आटोक्यात आला. वाढीच्या वयात सर्वच मुलांचे वजन कमी करावे लागते असे नाही. अनेकदा वजन स्थिर ठेवले तरी उंची वाढून निर्देशांक खाली येतो.

व्यायामास मनाई करणे हा घरोघरी आणि शाळेत दिसणारा उपाय बहुधा अपाय करतो. धाप लागते म्हणून पी.टी.च्या तासाला बाकावर बसवून ठेवलेले मूल आणखी जड होते आणि त्याची क्षमता आणखी घटते. दमा नियंत्रणात असल्यास हळूहळू अंग गरम करून सुरुवात करणे आणि आवश्यकता असेल तर आधी श्वासनलिका मोकळी करणारे औषध घेणे एवढ्या काळजीने बहुतेक मुले खेळू शकतात.

स्टिरॉइडविषयीची भीती समजून घेण्याजोगी आहे, पण ती भेद करून पाहावी लागते. तोंडाने घेतलेल्या स्टिरॉइडचे वारंवार किंवा दीर्घकाळ सेवन केल्यास भूक आणि वजन वाढते. श्वासावाटे घेतलेली मात्रा तुलनेने फार अल्प असते आणि तिचा वजनावर तसा परिणाम होत नाही. उंचीवर मात्र किंचित परिणाम संभवतो. वर उल्लेखिलेल्या बालदमा चाचणीत ब्युडेसोनाइड घेतलेल्यांची प्रौढपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. श्वासावाटे औषध नियमित घेतल्याने झटके टळतात आणि परिणामी तोंडाने स्टिरॉइड घेण्याची वेळ कमी येते.

झोपेतील श्वासरोध शस्त्रक्रियेनंतरही उरल्यास मुखवट्यातून सतत दाबाने हवा दिली जाते. मुले हा मुखवटा रात्रभर लावून ठेवण्यास कंटाळतात आणि येथेच हा उपचार अनेकदा फसतो. सौम्य प्रकारात नाकात मारण्याचे स्टिरॉइड किंवा माँटेलुकास्ट वापरले जाते. माँटेलुकास्टमुळे काही मुलांत झोप आणि मनःस्थिती यांवर विपरीत परिणाम होत असल्याने अमेरिकी औषध प्रशासनाने २०२० साली त्यावर ठळक इशारा छापण्यास सांगितले.

अमेरिकी बालरोग अकादमीच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत १२ वर्षांपुढील स्थूल मुलांसाठी औषधे आणि १३ वर्षांपुढील तीव्र स्थूलतेसाठी शस्त्रक्रिया या पर्यायांचा समावेश झाला. सेमाग्लुटाइड हे इंजेक्शन १२ वर्षांपुढील मुलांसाठी तेथे २०२२ च्या अखेरीस मान्य झाले. झोपेतील श्वासरोधासाठी २०२४ मध्ये मान्यता मिळालेले टिर्झेपेटाइड मात्र स्थूल प्रौढांपुरतेच मर्यादित आहे.

प्रसार आणि भारतातील स्थिती

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२२ मध्ये ५ ते १९ वर्षांची ३९ कोटींहून अधिक मुले अतिवजन असलेली होती आणि त्यांपैकी १६ कोटी स्थूल होती. या वयोगटातील स्थूलतेचे प्रमाण १९९० मध्ये २ टक्के होते, ते ८ टक्क्यांवर गेले. भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत ५ वर्षांखालील २.१ टक्के बालके अतिवजन असलेली आढळली, तर २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत ३.४ टक्के. त्याच देशात आणि अनेकदा त्याच तालुक्यात कमी वजनाची बालकेही मोठ्या संख्येने आहेत.

महाराष्ट्र शासनाने २०१७ साली शालेय उपाहारगृहांत चरबी, मीठ आणि साखर जास्त असलेल्या पदार्थांच्या विक्रीवर बंदी घातली. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी असे पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकण्यास मनाई केली. वडापाव आणि शीतपेयांच्या गाड्या शाळेच्या कुंपणाला लागूनच उभ्या राहतात तेथे हा नियम पाळला जातो की नाही, हे कोणत्याही पालकाला शाळा सुटण्याच्या वेळी पाहता येते.

मुलांच्या झोपेची संपूर्ण तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. अन्यत्र बोटाला चिमटा लावून रात्रभर प्राणवायूची पातळी नोंदविण्याची सोपी पद्धत वापरतात. तीत वारंवार घसरण दिसल्यास श्वासरोधाची शक्यता बळावते, परंतु नोंद सामान्य आली म्हणून तो नाही असे म्हणता येत नाही. तपासणीची सोय नसेल तेथे झोपलेल्या मुलाचे छाती-पोट उघडे ठेवून, आवाजासह काही मिनिटांचे मोबाइल चित्रण करून ते डॉक्टरांना दाखविल्यासही पुढील निर्णयास मदत होते.